शिंप्याची गादी

आत्यानं अंगणात भर उन्हाच्या जागी जमिनीलगत पसरणारं फुलझाड लावलं होतं. तिसऱ्या वसंतात ते एकदाचं कळ्यांनी भरलं, आणि शेजारच्या शिंप्यानं नेमकी त्यावरच आपली गादी वाळत घातली.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उचल मेल्या! कळ्या चिरडल्यास माझ्या!"

"गवतच तर आहे, ताई. वाळली की नेतो."

आत्याचा राग इतका जहाल, की तो झाडालाही चढला. दुपारपर्यंत त्यानं गादीत मुळं रोवली आणि कापसातून जांभळी फुलं वर काढली. शिंप्यानं जीव खाऊन ओढली, पण गादी तसूभर हलेना.

"ताई, आता मी झोपू कशावर?"

"जमिनीवर. तेही तुझ्या घरातल्या!" आत्या कडाडली, आणि तिनं गादीला झारीभर पाणी घातलं.