पन्नासच्या आत

दानेश्वरीनं बादलीतली चादर पिळायला वर उचलली आणि तशीच परत पाण्यात सोडली. घड्याळात साडेबारा झाले होते. खाटेवर सिद्धप्पांचा श्वास जोरजोरात वाजत होता आणि त्यांच्या डोक्यापासून चार हातांवर पत्रा तापत होता.

"घाल की ग एकच," सावित्रम्मा म्हणाल्या. नवऱ्याच्या उशाशी बसून त्या पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. "एका चादरीनं सरकार बुडतंय व्हय?"

"अत्ती, फोनवर काय बोलले ते तुमीबी ऐकलंय की. पत्रा कोरडा पायजे. वर काय झाकायचं न्हाय, पाणी मारायचं न्हाय."

"मग येऊ देत की लवकर."

"अकरा ते दोनमदी येतो म्हणालेत."

सासूबाईंचा पुठ्ठा हलतच राहिला.

एरवी या घरात मे महिन्याचा एक नेम होता. सकाळी दहाला दानेश्वरी शिडी लावून पत्र्यावर चढायची आणि सहा भिजलेल्या चादरी ओळीनं अंथरायची. चादरी सोलापुरीच, पण विणताना दोरा सुटलेल्या, कारखान्यातून सेकंड म्हणून मिळालेल्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ती टॉवेलांना काठ शिवायची. कामावर निघण्याआधी ती चादरी घालून जायची, मग दर दोन तासांनी सावित्रम्मा खालूनच तांब्यानं पाणी फेकायच्या. चार दिवसांआड येणाऱ्या नळाचं निम्मं पाणी असं पत्र्यावर जायचं. अंगाला पाणी कमी पडलं तरी चालेल, पण म्हातारा जगला पाहिजे, असा घरातला हिशेब होता. गेल्या उन्हाळ्यात ऊन लागून ते तीन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरनं महेश्वरला, म्हणजे दानेश्वरीच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अर्धांगाचा पेशंट आहे. पुढचा उन्हाळा पत्र्याखाली काढू नका." जणू महेश्वरच्या नावावर नव्या पेठेत दोन मजले रिकामे पडले होते.

आणि मग थंड छप्पर योजना आली. पत्र्यावर पांढरा रंग मारायचा, त्यानं ऊन मागं फिरतं आणि घर गार राहतं, असं वस्तीत येऊन सांगितलं गेलं. अंथरुणाला खिळलेला माणूस ज्या घरात, त्या घराला पहिला मान. सिद्धप्पांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला. फेब्रुवारीत कंत्राटदाराची माणसं आली. दानेश्वरी त्या दिवशी घरी होती. रंगाच्या एका डब्यामागे त्यांना चार बादल्या पाणी ओतताना तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि विचारलंही. "ताई, असाच असतोय हा रंग," तो रंगारी हसून म्हणाला. संध्याकाळपर्यंत गल्लीतली चाळीस घरं पांढरीशुभ्र झाली. फोटो निघाले. मार्च लागला तसा पत्रा होता तसाच तापायला लागला.

तिनं तक्रारीचा अर्ज केला. अर्जाचं घोंगडं दोन महिने भिजत पडलं. पांढरा पत्रा पांढराच दिसतो, रंग खरा की पाण्याचा हे डोळ्यांना कळत नाही, ते यंत्रानंच कळतं, असं ऑफिसातल्या बाईनं सांगितलं. तपासणीला दुसरीच संस्था नेमलेली आहे. ते येतील, पत्रा खालून मोजतील. भर दुपारी पन्नास अंशांच्या आत असला तर काम पास. पन्नासच्या वर गेला तर नापास, आणि कंत्राटदारानं सगळ्या गल्लीचं काम पुन्हा करून द्यायचं. गल्लीतून एकच घर नमुना म्हणून मोजणार होते. ज्या घरानं तक्रार केली तेच. मोजताना लाभार्थी घरात हजर पाहिजे, त्याचा त्या पत्र्याखाली फोटो निघणार.

म्हणून आज ती रजा काढून घरी होती, आणि चादरी बादलीत होत्या.

एक वाजला. सिद्धप्पांच्या कपाळावरचा घाम वाळला. घाम वाळणं वाईट, हे ती गेल्या वर्षी शिकली होती. तिनं टॉवेल भिजवून त्यांची मान पुसली, पाय पुसले. वरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता.

दीडला शेजारची चंद्रव्वा डोकावली. तिच्या घरी पाच महिन्यांचं नातवंड होतं, अंगभर घामोळं उठलेलं.

"आले का ग?"

"न्हाय अजून."

चंद्रव्वानं खाटेकडं पाहिलं आणि लगेच नजर काढली. "जरा दम धर दानेश्वरी. चाळीस घरांचं तुझ्या पत्र्यावर हाय. एकदा पास म्हणून लिवलं की पुन्हा कोण ईत न्हाय बघ."

"मला ठावं हाय की."

"तसं न्हवं... म्हाताऱ्याचं बघून जीव तुटतोय. पर धर दम."

दोन वाजता तिनं ऑफिसला फोन लावला. सर्व्हर बंद होता, आता चालू झालाय, माणूस निघालाय, असं उत्तर मिळालं. कुठून निघालाय ते कुणाला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याला उचलून चंद्रव्वाच्या दारातल्या लिंबाखाली न्यावं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण महेश्वरसकट गल्लीतले बाप्ये सगळे कारखान्यांत, आणि दोन बायकांच्या हातून ते लाकडासारखं जड झालेलं अंग उंबऱ्याबाहेर निघणार नव्हतं.

अडीचला सिद्धप्पा कण्हायला लागले. पस्तीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस. खडखडाटात बोलून बोलून आवाज असा कमावलेला की गल्लीच्या टोकाला हाक जायची. आता तोंडाच्या एका कोपऱ्यातून बारीक, लहान पोरासारखा आवाज येत होता. सावित्रम्मांनी पुठ्ठा खाली ठेवला.

"दानेश्वरी, मी तुझ्या पाया पडते."

दानेश्वरीला स्वतःची किळस आली. भरलेली बादली हाताशी ठेवून आपण एका आजारी माणसाला भाजत ठेवलंय, आणि का, तर एका आकड्यासाठी. तक्रार करायला सांगितलं होतं कुणी? हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तिनं टॉवेल बादलीत बुडवून सिद्धप्पांच्या उघड्या छातीवर पसरला. मग चादरी खांद्यावर टाकल्या, पाणी गळत असतानाच शिडी चढली आणि एकामागून एक सहाही चादरी अंथरल्या. पत्रा चर्र करून वाफाळला. पुन्हा खाली उतरून तिनं दोन बादल्या वर नेल्या, ओतल्या. तिसरी ओतत असताना तिला खालून बोलण्याचा आवाज आला.

ती शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आली. दारात एक स्कूटी उभी होती. आत पाठीला बॅग लावलेली पंचविशीतली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, उत्कर्षा असं नाव लिहिलेलं. सावित्रम्मांनी पाहुणी म्हणून तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला होता. मुलीनं तो घेतला नव्हता. तिच्या एका हातात पिस्तुलासारखं यंत्र होतं आणि दुसऱ्या हातात मोबाइल.

"सदतीस पूर्णांक चार," ती म्हणाली. "छान आहे की. तक्रार तुमचीच ना?"

मोबाइलच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली होती.

"ताई, पत्रा वला हाय!" दानेश्वरी धापा टाकत म्हणाली. "आत्ता घातल्या चादरी मी. आत्ताच. तुमी दोनपतुर येणार म्हणलं होतं..."

उत्कर्षा बाहेर गेली, मान वर करून तिनं पत्र्याच्या कडेवरून टपटपणाऱ्या पाण्याकडं पाहिलं आणि परत आत आली. आधी ती चिडली.

"मावशी, तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं ना? माझी आज अकरा घरं राहिलीत. रीडिंग यंत्रातून थेट जातं, मला ते पुसता येत नाही."

दानेश्वरी खाटेकडं बघत होती. उत्कर्षानंही मग तिकडं पाहिलं आणि यंत्र धरलेला तिचा हात खाली आला.

"एक करता येतं," ती म्हणाली. "आक्षेप. पहिल्या रीडिंगपासून तासाभरात पुन्हा एकदाच मोजता येतं. पण पत्रा कोरडा हवा, आजोबा इथेच हवेत, आणि आक्षेपाला अंगठा त्यांचाच लागतो. आत्ता सव्वातीन झालेत. ऊन उतरायच्या आत पत्रा तापला तर तापला."

म्हणजे चादरी काढायच्या. म्हणजे पुन्हा पाऊण तास.

ओल्या टॉवेलखाली सिद्धप्पांचं कण्हणं नुकतं थांबलं होतं. दुपारभरात पहिल्यांदाच त्यांचे डोळे अर्धवट मिटले होते. दारात चंद्रव्वा येऊन उभी राहिली होती, कडेवर नातवंड.

"नको ताई," दानेश्वरी म्हणाली. "असू दे. पास म्हणून लिवा. बरं हाय आमचं."

सावित्रम्मांनी सुटकेचा श्वास सोडला. उत्कर्षा मोबाइल बॅगेत ठेवायला वळली, तेवढ्यात खाटेखाली काहीतरी ओलं पडल्याचा आवाज झाला.

टॉवेल जमिनीवर पडला होता. सिद्धप्पांचा डावा हात, त्यांच्याकडं उरलेला एकच हात, छातीवरून पुढं आला होता. मूठ मिटलेली, अंगठा तेवढा बाहेर. हात खाली जात नव्हता. डोळे पूर्ण उघडे होते आणि ते त्या मुलीच्या मोबाइलवर होते.

"मामा," दानेश्वरी सासऱ्यांना म्हणाली. "मामा, नको."

अंगठा तसाच राहिला. उत्कर्षानं मोबाइल पुढं करून आक्षेपाला त्याचा ठसा घेतला.

दानेश्वरीनं चादरी ओढून काढल्या तेव्हा पत्र्याच्या कोरड्या कडेला तिचे तळवे पोळले, पण ते तिला रात्रीच कळणार होतं. ओलावा पाच मिनिटांत उडाला. ती खाली आली तेव्हा उत्कर्षा खाटेजवळ फरशीवर मांडी घालून बसली होती. पुढच्या घरांना तिनं फोन करून टाकला होता. मघाचा तांब्या आता तिनं तोंडाला लावला आणि उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन सिद्धप्पांच्या ओठांना लावलं.

"नुसतं बघायला मोजता येतं," ती म्हणाली. "पाठवायचं बटण दाबलं की मग तेच शेवटचं."

तिनं यंत्र वर धरलं. बेचाळीस. मग चव्वेचाळीस. साडेतीनला शेहेचाळीस झाले. सावित्रम्मा भिंतीकडं तोंड करून कानडीत देवाचं नाव घेत होत्या. जिथं आकडा कमी व्हावा म्हणून सगळा जन्म नवस करावेत, तिथं चार बायका आकडा चढावा म्हणून श्वास धरून बसल्या होत्या.

पावणेचारला अठ्ठेचाळीसवर आकडा अडला. दारातली उन्हाची पट्टी सरकायला लागली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सिद्धप्पांचा श्वास लांब लांब होत गेला, मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दानेश्वरीनं दोनदा टॉवेल उचलला. दोन्ही वेळा त्या डाव्या हातानं तिचं मनगट बाजूला सारलं.

"एकोणपन्नास पूर्णांक सहा," उत्कर्षा म्हणाली. तिच्याही चेहऱ्यावरून घाम निथळत होता. "आत्ता पाठवलं तर पासच होईल. आठ मिनिटं आहेत अजून."

"थांबा," दानेश्वरी म्हणाली. आपण हे म्हणालो यावर तिचा विश्वास बसेना.

चार वाजून बारा मिनिटं झाली होती तेव्हा उत्कर्षानं हात वर केला आणि बटण दाबलं. यंत्र एकदाच वाजलं.

"पन्नास पूर्णांक तीन."

पडद्यावर लाल फुली आली. चंद्रव्वानं नातवंडाला छातीशी धरून हुंदका दिला आणि गल्लीत सांगायला पळाली. उत्कर्षानं पडदा सिद्धप्पांच्या डोळ्यांसमोर धरला. "आजोबा, फेल झालं बघा. तुमचंच खरं झालं." मग दानेश्वरीकडं वळून ती खालच्या आवाजात म्हणाली, "कंत्राटदाराला नव्वद दिवस असतात. नव्वद दिवसांत परत रंगवून द्यावंच लागतं."

नव्वद दिवस म्हणजे श्रावण आला. दानेश्वरीनं मान हलवली. बाहेर चंद्रव्वाचा आवाज एका दारातून दुसऱ्या दारात जात होता.

तिनं घाईघाईनं टॉवेल बादलीत बुडवला, न पिळताच सिद्धप्पांच्या छातीवर पसरला आणि वर तळहात ठेवून वाट पाहिली. डावा हात कडेला पडलेला होता. तळहाताखाली छाती हळूच वर आली, आणि या वेळी त्यांनी टॉवेल काढला नाही.