चैताली माझ्याकडे वळून बघायची

मित्रांनो, पिंपळगाव बसवंतच्या एका इंग्रजी क्लासच्या भिंतीवर पिवळा पडलेला जुना तक्ता म्हणजे मी. शुभांगीबाईंनी मला कार्डशीटवर स्केचपेनने लिहिलं. डावीकडे नाम, उजवीकडे त्याच्यामागून येणारं प्रिपोझिशन. डिमांड फॉर, इन्क्रीज इन, रिप्लाय टू. तेव्हा माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू!

क्लासचा एक नियम होता. जो चुकेल त्याने माझ्याखाली उभं राहून मला वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायचं. बाकीची पोरं खीखी हसायची. अशी शोभा कुणाला हवी हो? म्हणून बोलताना नाम आलं की पोरं थांबायची, माझ्याकडे बघायची आणि मगच पुढे जायची.

चैताली तर कधी चुकलीच नाही. तिची आई भिमाबाई द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये दिवसभर उभी राहून पेट्या भरते. एकदा क्लासच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, माझे पाय गेले उभं राहून. हिला तरी हापिसात खुर्ची मिळू द्या."

त्याच पॅकहाऊसच्या ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायला मुलगी हवी होती. चैतालीला मुलाखतीला बोलावलं. मला वाटलं, झालं पोरीचं काम!

दुसऱ्या दिवशी ती रडतच आली.

"बाई, मी डिमांड म्हणले आणि मान वळवली. तिथं नुसती कोरी भिंत."

"मग?"

"साहेब म्हणाले, बोला, काहीही बोला, आम्हाला समजतं. पण माझं तोंडच उघडंना. लय वेळ थांबले हो ते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "अजून घोकायला हवं होतं गं." आणि मला प्लॅस्टिकचं कव्हर घालून त्यांनी आणखी मोठ्या खिळ्यांनी ठोकलं. मी ओरडणार तरी कसा?

आता चैताली आईशेजारी उभी राहून पेट्या भरते. पोरं सांगतात, तिथल्या बायका दिवसभर गप्पा मारतात, ही मात्र मराठीतसुद्धा बोलत नाही. ऐकून माझा जीव तुटतो.

मित्रांनो, मला जपा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? उतरवा मला. फाडा, चुलीत घाला. पोरांना चुकू द्या, पण बोलू द्या.

कोण ऐकतंय म्हणा! आजही क्लास भरलाय. निकिता नावाची नवी मुलगी बोलायला उभी राहिलीय. एक नाम तिच्या तोंडून निघालं, आणि बघा, तिने माझ्याकडे मान वळवली.