विहिरीवर आधी पोचणारा

डाव संपला की उंट मोजायचे, हे काम माझं. सगळे मिळून वीस. लाकडी, करंगळीच्या पेराएवढे, आणि मुंगीच्या घशात नेमके अडकतील असे. मुंगी म्हणजे आमची मुलगी, चार वर्षांची. आता ती काही तोंडात घालत नाही, हे सांगून सांगून नवरा थकला. पण एखादा उंट कमी भरला आणि तिचा गाल जरा फुगलेला दिसला, की मी तिची हनुवटी धरतेच.

"आ कर."

ती आ करते. आत जीभ असते, उंट नसतो. तरी मी तिचं डोकं उजेडाकडे वळवून बघते.

दोन खोल्यांचं आमचं घर. गेल्या उन्हाळ्यापासून त्यात माणसांपेक्षा खोकी जास्त होती. पलंगाखाली, कपाटावर, ओट्याखाली, दार पूर्ण उघडू नये अशी दारामागे. वाळूच्या रंगाचं झाकण, त्यावर उंटांची रांग आणि वर ठसठशीत अक्षरांत 'मिठाची वाट'. आफ्रिकेतल्या मोठ्या वाळवंटात मिठाच्या खाणी होत्या. तिथून मिठाच्या लाद्या उंटांवर लादायच्या आणि दक्षिणेला, नदीजवळच्या तिंबक्टू शहरी न्यायच्या. पटावर तीच वाट होती. प्रत्येकाचे चार उंट, आणि पाण्याच्या पखाली म्हणून निळे काचेचे मणी. फासा टाकून उंट पुढे न्यायचे, एक खेळी म्हणजे एक मणी खर्च. वाटेत चार विहिरी. विहिरीत पाणी मोजकंच. जो आधी पोचेल तो भरून घेणार, मागून येणाऱ्याला कोरडी विहीर. मणी संपले की दर खेळीला एक उंट आडवा करायचा, म्हणजे मेला.

हा खेळ माझ्या नवऱ्यानं बनवला होता. आठ वर्षं जमवत, खोडत, परत आखत. सासरे भूगोलाचे मास्तर. शाळेनं टाकून दिलेला आफ्रिकेचा कापडी नकाशा त्यांनी घरी आणला आणि पोराच्या अंथरुणाशेजारच्या भिंतीवर ठोकला, ओल झाकायला. "ओल झाकली गेली आणि आमचा भाऊ हरवला," असं माझी नणंद, ताई, म्हणते. "आफ्रिकेत पाऊल ठेवलंय का कधी त्यानं? कोपऱ्यावर जाताना छत्री विसरतो. उंटावरचा शहाणा!"

हा शहाणा एका छापखान्यात औषधांच्या खोक्यांची आखणी करायचा. खेळांच्या एका कंपनीतल्या बाईंनी चित्रं बघून कळवलं, की प्रदर्शनात मांडा, आम्ही येऊन खेळून बघू, आवडला तर आम्हीच काढू. तेवढ्यावर यानं नोकरी सोडली आणि होतं नव्हतं ते घालून खोकी छापून घेतली. मालक भला माणूस. म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुझं स्टूल रिकामं ठेवतो. त्यानंतर मात्र मला विचारू नकोस." स्टूल आणि तिंबक्टू यांच्यामध्ये एवढं एक प्रदर्शन होतं.

घाबरायला मला कारण लागत नाही. पण खेळाची भीती मला खरंच नव्हती. तो मी खेळले होते. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, पुठ्ठ्याच्या उंटांनी. तिसऱ्या विहिरीवर माझे मणी संपले, आणि नव्या घरात पहिल्याच दिवशी हरायचं म्हणून कानशिलं तापली. विहिरीवर माझ्याआधी सासरे पोचलेले. त्यांनी गळ्याला हात लावून खूण केली.

"मागा की! तहान लागली म्हणा."

"तहान लागली हो," मी पुटपुटले.

"अशी नाही. शेठ म्हणा."

"तहान लागली हो, शेठ."

"गाणं म्हणा मग."

मी म्हटलं. दीड कडवं. ताई पोट धरून हसली. सासऱ्यांनी आपल्यातला एक मणी माझ्याकडे सरकवला, आणि त्या एका मण्यापायी शहराच्या वेशीवर त्यांचा शेवटचा उंट आडवा झाला. "विहिरीवर आधी पोचणाऱ्यानं मागच्याला नाही म्हणायचं नसतं," एवढंच बोलून ते चहा टाकायला उठले.

तेव्हापासून आमच्याकडे तसंच. मागणाऱ्यानं शेठ म्हणायचं, देणाऱ्यानं ताणून धरायचं. कुणाला नाच करायला लाव, कुणाला पाय चेपायला लाव. ताई तर भावाला भांडी घासायचं कबूल केल्याशिवाय पाणी द्यायची नाही. पण द्यायची. गेल्या वर्षी सासरे गेले. पाच रंगांतले काळे उंट त्यांचे. ते आम्ही खोक्यातून बाहेर काढत नव्हतो, इतकंच.

प्रदर्शनाचा हॉल मोठा, वर पत्रा, खाली चिकटपट्टीनं जोडलेले गालिचे. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. बाई दुपारी येणार होत्या. सकाळी पहिलंच एक कुटुंब बसलं: आई-वडील, कॉलेजातली मुलगी, धाकटा मुलगा. वडिलांनी नियमांचं पुस्तक बातम्या वाचाव्यात तसं खड्या आवाजात वाचलं. मी मुंगीला कडेवर घेऊन मागे उभी होते. हा हात पुसत होता. हात कोरडेच होते.

दुसऱ्या विहिरीपर्यंत छान चाललं होतं. तिथं मुलगी आधी पोचली, विहीर रिकामी केली. मागून वडील आले. मण्यांशिवाय.

मी वाट बघत होते, आता ते गळ्याला हात लावतील म्हणून. त्यांनी लावला नाही. मुलीच्या पुढ्यात निळ्या मण्यांची रास होती आणि ती फाशाकडे बघत होती. वडिलांनी सुस्कारा सोडला आणि आपला उंट आपणच आडवा केला. पुढच्या खेळीला आणखी एक. मग आईचे. तिसऱ्या विहिरीवर मुलगीही मेली, कारण तिथं तिच्याआधी भाऊ पोचला होता. आणि शहराच्या बरंच अलीकडे तोही.

"जिंकलं कोण?" मुलानं विचारलं.

"वाळवंट," वडील म्हणाले. सभ्य माणसं. सगळे उंट नीट खाचांत ठेवले, "चित्रं सुंदर आहेत हं" म्हणाली आणि शेजारच्या टेबलावर गेली. तिथं घंटी वाजणारा कसला तरी खेळ होता. पाच मिनिटांत त्यांचं हसणं ऐकू आलं.

"नवीन आहेत," हा म्हणाला. "पाणी जपून वापरत नाहीत."

पुढच्या टोळक्याचंही तेच. त्याच्या पुढच्यांचंही. शहरापर्यंत कुणी पोचलं नाही. दरवेळी विहिरीवर माझा हात आपोआप पुढे व्हायचा, त्या अनोळखी माणसांचा मणी उचलून पलीकडे ठेवायला. तिसऱ्यांदा हात मागे घेतला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पुस्तक उचललं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. पाणी देण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

ते पुस्तक यानं लिहिलं होतं, ताईनं वाचलं होतं, मी वाचलं होतं, जाण्याआधी सासऱ्यांनी चष्मा लावून वाचलं होतं. कुणालाच चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. श्वास घ्यावा, असं कोण लिहून ठेवतं?

मी याला टेबलामागे ओढलं. सांगितलं.

"तो नियम नाहीये," हा म्हणाला.

"मग काय आहे?"

"ते... तसं करतात." आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू खाली उतरताना मी पाहिलं. "सगळीकडे करत असतील ना?"

मुंगी म्हणाली, "बाबा, त्या काकांनी गाणंच नाही म्हटलं."

यानं कागद मागून आणला. 'विहिरीवर आधी पोचलेल्याने मागून आलेल्यास मागितल्यावर एक पखाल द्यावी.' अक्षर याचं फार सुरेख आहे. आखणीचा हात.

बाई आल्या. बरोबर कंपनीतली दोन तरुण मुलं. बाईंनी आधी कागद वाचला.

"द्यावी म्हणजे? द्यायचीच, की वाटलं तर?"

"द्यायचीच," हा घाईनं म्हणाला.

ते तसे खेळले. कोरड्या विहिरीवर येणारा यांत्रिकपणे हात पुढे करायचा, समोरचा मणी टाकायचा. कुणाचा उंट आडवा झाला नाही. गाणं नाही, शेठ नाही. तिसऱ्या विहिरीवर एका मुलानं जांभई दाबली.

"आता कुणी मरतच नाही," बाई म्हणाल्या. "काय गंमत मग?"

"बरं, मग मर्जीवर ठेवू," हा म्हणाला. "वाटलं तर द्यायची."

परत मांडला. दुसऱ्या विहिरीवर एकानं मागितलं.

"वेडा आहेस का?" दुसरा हसत म्हणाला. "मी जिंकतोय. कशाला देऊ?" आणि चुकीचं काहीच बोलला नव्हता तो. पहिल्याचे उंट मेले, मग त्याचे.

बाईंनी पट तसाच राहू दिला. बोलल्या त्या मायेनंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमच्याकडे का देतात?"

यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मागितलं की देतात."

"आणि नाही दिलं तर?"

मी आठवून बघितलं. "तसं कधी झालं नाही," मी म्हणाले.

"माझे वडील म्हणायचे..." यानं सुरुवात केली आणि ते वाक्य सांगितलं. त्या हॉलमध्ये, घंटीच्या आवाजात, ते शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं ऐकू आलं.

बाईंनी मान हलवली. "चित्रं फार छान आहेत तुमची. पण खोक्यात घालून तुमचे वडील नाही ना देता येणार." त्यांनी तो कागद घडी घालून याच्या हातात परत दिला आणि मुलांना घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.

महिना संपायच्या आत हा स्टुलावर जाऊन बसला. खोकल्याच्या औषधाचं खोकं आखायला मिळालं. घरी बोलणं कमी झालं. मी बघत राहायचे. जेवताना जबडा कसा हलतोय, झोपताना भिंतीकडे वळतोय की माझ्याकडे. मुंगीचा गाल बघायची सवय होतीच, आता याचाही चेहरा बघायची लागली. याला आ कर म्हणता येत नाही.

एका रविवारी दुपारी ताई आली. मुंगीनं आत्याला बघताच पलंगाखालून खोकं ओढलं. मी याच्याकडे पाहिलं. "मांडा," तो म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, देवच पावला असं वाटलं.

"ये रे उंटावरच्या शहाण्या," ताई म्हणाली, "आज भांडी तुझ्याकडे."

तो गालात हसल्यासारखा झाला. हा फार नेमका खेळला त्या दिवशी. एक मणी वाया नाही. शेवटच्या विहिरीवर सगळ्यांच्या आधी पोचला, भरून घेतलं. पुढ्यात मण्यांची छान ओळ लावली. त्याच्या मागून मुंगी. तिच्याकडे एकही मणी नव्हता आणि एकच उंट उरला होता, लाल. मी एक विहीर मागे होते, ताई माझ्याही मागे.

मुंगीनं गळ्याला हात लावला. डोळे मोठे केले. "तहान लागली हो, शेठ."

"ताई, फासा टाक," हा म्हणाला.

"अरे, पोरगी पाणी मागतेय."

"ऐकलं मी."

"मग?"

"पुस्तकात नाहीये." आवाज चढला नव्हता. फासा टाक म्हणताना होता तसाच.

ताई हसली, थांबली, माझ्याकडे बघू लागली. मुंगीला वाटलं बाबा ताणून धरतोय. ती उठून उभी राहिली आणि न सांगताच गाणं म्हणायला लागली. बालवाडीतलं, हातवारे करून. पूर्ण म्हटलं. एकदा विसरली तिथं परत मागून सुरू केलं. शेवटी तिनं तळहात पुढे केला. हा पटाकडे बघत होता. हात लांब करून त्यानं तिचा लाल उंट आडवा केला. हळूच केला, पट हलू नये म्हणून.

मुंगीचा हात तसाच उघडा.

"घे गं, माझे घे," मी म्हणाले. माझ्याकडे दोन मणी होते. दोन्ही तिच्या तळहातावर ठेवले. तिनं ते बघितले, परत माझ्यापुढे ठेवले.

"तू विहिरीवर नाहीयेस," ती म्हणाली.

ताईनं चप्पल घातली ती चहाला न थांबता. मी उंट मोजले. एक कमी. "आ कर," मी म्हणाले. मुंगीनं आ केलं. काही नव्हतं. मी पलंगाखाली हात घातला, खोक्यांच्या मधून, भिंतीपर्यंत.

"राहू दे," हा म्हणाला. पूर्वी एक मणी घरंगळला तर हा बॅटरी घेऊन ओट्याखाली आडवा व्हायचा. "एक कमी असला तर काय बिघडतंय." आणि त्यानं झाकण लावलं.

लाल उंट दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. बालवाडीत न्यायची बाटली भरायला घेतली तर आत, तळाशी. मुंगीनं रात्रभर त्याला पाण्यात ठेवलं होतं. मी बाटली उलटी केली. ती प्यायली असती तर, एवढंच सुचत होतं. पाणी गुलाबी झालं होतं. उंटाचा रंग सुटला होता, लाकूड फुगलं होतं. पुसून खोक्यातल्या खाचेत बसवायला गेले, बसेना.

छापखान्यात जायच्या घाईत हा डबा घ्यायला आला तेव्हा उंट ओट्यावर होता. त्यानं पाहिला. डबा उचलला, आणि दार खोक्यांमुळे जेवढं उघडतं तेवढ्यातून अंग आक्रसून बाहेर पडला.