दत्तक आजी

मुलं दत्तक घेतात, हे आजीला ठाऊक होतं. आजीही दत्तक घेतात, हे तिला सत्तरी ओलांडल्यावर कळलं, तेही स्वतःच्या नातीकडून.

ही टूम चर्चच्या तरुण संघाने काढली होती. रविवारची उपासना संपली की पोरंपोरी वृद्धाश्रमात जायची, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची आणि तिथली एकेक आजी किंवा आजोबा दत्तक घ्यायची. नातीच्या वाट्याला आली टेलिफोनबाई.

टेलिफोनबाईला आजीने कधी पाहिलं नव्हतं, पण तिची इत्थंभूत माहिती रोज जेवताना कानावर पडायची. तिने म्हणे उभी हयात टेलिफोनच्या तारा जोडण्यात घालवली. तिचे केस म्हणे कापसासारखे मऊ. आणि अजूनही कुणी हाक मारली की ती म्हणे "नंबर प्लीज" म्हणते. नात घरातला फोनही "नंबर प्लीज" म्हणून उचलू लागली, तेव्हा मात्र आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिने तारा जोडल्या असतील," आजी म्हणाली, "मी माणसं जोडलीत. हाडांसकट."

आजीची सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली होती, नर्स म्हणून. पण पिकतं तिथे विकत नाही. नातीने आजीच्या वॉर्डाबद्दल कधी अवाक्षर विचारलं नव्हतं.

"आई, तुम्ही जळताय का हो?" सुनेने हसू दाबत विचारलं.

"जळायला मी काय शेगडी आहे?"

पण जळत होती. चांगली धडधडून जळत होती. दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, हे ती संडे स्कूलपासून ऐकत आली होती. इथे वस्तू तिची स्वतःची होती आणि दुसरीने पळवली होती. अशा वेळी काय करावं, यावर एकाही पाळकाने प्रवचन केल्याचं तिला आठवेना.

खरं दुखणं होतं रविवारच्या दुपारचं. आजीची कंबर वाकत नसे. म्हणून पूर्वी उपासनेहून आल्यावर नात परातीत कोमट पाणी घ्यायची, आजीचे पाय त्यात सोडायची आणि मग मांडीवर घेऊन नखं काढायची. हात चालायचे तशी जीभही चालायची. आज कोण बेसूर गायलं, प्रार्थनेत कुणाला डुलकी लागली, पाळकसाहेबांचा चष्मा कितीदा घसरला. आजीला नखांपेक्षा त्या बातम्यांची ओढ असे. आता त्या दुपारी टेलिफोनबाईच्या नावे लागल्या होत्या. "अगं, पाय राहिलेत," एवढं म्हटलं असतं तरी नात धावत आली असती. पण मागून घेतलेली माया ती कसली माया? आजीने मोजे चढवले आणि तोंड मिटलं.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सांगितलं, की वडीलधाऱ्यांनीही मुलांबरोबर वृद्धाश्रमात यावं. आजी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. सेवाबिवा ठीक आहे, तिला ती बया बघायची होती.

वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात फिनेलचा वास होता. टीव्ही आवाज बंद करून चालू होता. "आलेच हं, आजी," म्हणत नात जी सटकली ती थेट कोपऱ्यातल्या पलंगाशी. टेलिफोनबाईचे केस खरोखरच कापसासारखे होते. निदान तेवढं तरी खोटं निघायला हवं होतं. नात ते केस विंचरू लागली आणि दोघी कशावरून तरी खो खो हसल्या. आजीचा अंगठा बुटात ठणकत होता. खिडकीपाशी खुर्च्यांची रांग होती, त्यातली एक रिकामी पाहून ती टेकली. ती रांग आश्रमातल्या म्हाताऱ्यांची होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

रांगेतल्या सगळ्यांची नखं काढत एक मुलगी पुढे सरकत होती. पाळकसाहेबांची भाची, कालच परगावाहून आलेली. इथल्या कुणाला ओळखत नव्हती. आजीपुढे स्टूल ओढून तिने विचारलं, "आजी, तुमची नखं काढू?"

मी इथली नव्हे, असं सांगायला आजीने तोंड उघडलं. तेवढ्यात कोपऱ्यातून पुन्हा हसणं ऐकू आलं.

"काढ," आजी म्हणाली आणि हात पुढे केला.

मुलीचा हात हलका होता. "करमतं का तुम्हाला इथे?"

"चालायचंच."

"भेटायला येतं का कुणी?"

"नात आहे एक." आजीने कोपऱ्याकडे पाहिलं. "रविवारी तिला वेळ नसतो. समाजसेवा करते."

"स्वतःच्या आजीला इथे टाकून समाजसेवा? कमाल आहे बाई!"

"कमालच आहे," आजीने दुजोरा दिला. खूप दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

"मग मी घेऊ तुम्हाला दत्तक?"

गंमत म्हणूनच आजीने बोलणं इथवर आणलं होतं. पण मुलीने हे विचारलं आणि आजी कोपऱ्याकडे बघायची थांबली. आपल्याला हे कुणीतरी विचारायला हवं होतं, हे तिला आत्ता कळलं.

"घे," ती म्हणाली.

"आजी!"

मागे नात उभी होती. हातात टेलिफोनबाईचा कंगवा.

"ही इथली नाहीये," नात भाचीला म्हणाली. "ही माझी आजी आहे."

भाचीने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे ती समाजसेवा करणारी तूच का?"

नातीचं तोंड लाल झालं. "ते नेलकटर दे इकडे."

"अगं, माझं अर्धंच झालंय..."

"दे म्हणते ना! तिची नखं मीच काढते. नेहमी मीच काढते."

हा सूर आजीच्या चांगला ओळखीचा होता. गेले कित्येक रविवार तो तिच्याच पोटात घुमत होता. आजीला वाईट वाटायला हवं होतं; पण वाटलं नाही. उलट पोटात गार पडलं.

नात फरशीवर बसली. तिने आजीचा पाय मांडीवर घेतला, बूट काढला आणि मोजा ओढला. नखं वाढून वळली होती. अंगठ्याचं नख मांसात घुसलं होतं आणि भोवती सगळं लाल झालं होतं. वॉर्डात असा पाय दिसला असता तर आजीने पेशंटच्या घरच्यांना फैलावर घेतलं असतं.

नातीने कंगवा खाली ठेवला. दोन्ही हातांत तो पाय धरला.

"आजी, हे कधीपासून?"

"तू दत्तक गेलीस तेव्हापासून," आजी म्हणाली.