बोट लागते

“अंबाजीभाऊ, खिशात लिंबू ठेवलंत ना?”

लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर अंबाजीने वर्तमानपत्राचा गठ्ठा खाली टेकवला होता. समोर गावडे माळी उभा होता. पारशाच्या बंगल्यावरची बाग तो सांभाळायचा. मूळचा कोकणचा, हसला की सगळे दात एकदम बाहेर यायचे.

“लिंबू? कशाला रं?”

“बोट लागते ना! रोज लागते, वेळेवर लागते!” गावडे पोट धरून बाकावर बसला. मागचे दोन हमालही हसू लागले. ते दोघेही कोकणातलेच होते.

अंबाजी गोंधळला. अंक काढून त्याने जाहिरात पुन्हा वाचली. छापखान्यात तिचे खिळे त्यानेच जुळवले होते. मजकूरही त्याचाच होता.

‘आमची बोट लागते म्हणजे लागतेच! रोज लागते, वेळेवर लागते, भाडे उतरले तरीही लागते!’

यात हसण्यासारखे काय होते? गाडी फलाटाला लागते. मग बोटही बंदराला लागतच असणार. अंबाजी कामशेतजवळचा. भाताची खाचरे आणि आगगाडीचा धूर बघत वाढलेला. समुद्र त्याने घाटमाथ्यावरूनसुद्धा पाहिला नव्हता. सकाळी खाली दरीत धुके भरले, की समुद्र साधारण असाच असेल, असे तो मनाशी धरून चालायचा.

दिवस मंदीचे होते. बंगल्यांची कुलुपे निघत नव्हती. हवा खायला येणारे शेठ आता घरचीच हवा खात होते. रज्जाकभाईंच्या छापखान्यातून निघणाऱ्या साप्ताहिकात जाहिरातींच्या चौकटी रिकाम्या पडत. तिथे अंबाजी वेलबुट्टीचे ठसे बसवायचा. “काय हो, पेपर आहे की लुगड्याचा काठ?” असे रज्जाकभाई विचारायचे आणि स्वतःच हसायचे.

अशात बोट कंपनीचा एजंट करमरकर आला. कंपन्यांची आपसात चढाओढ लागली होती. भाडी उतरली होती, तरी बोटी अर्ध्या रिकाम्या जात होत्या. लोणावळ्यात माळी, स्वयंपाकी, हमाल असे कोकणातले पुष्कळ. शिमग्याला ते गावी जातील, तर मुंबईहून पुढे आमच्या बोटीने जावेत, एवढेच त्याचे म्हणणे.

“रोख काही निघणार नाही. जाऊन येऊन एक पास देतो,” तो म्हणाला. “मजकूर मात्र तुम्हीच लिहा. तुमच्या अंबाजीची लेखणी गोड आहे म्हणतात.”

पास शब्द कानावर पडला आणि अंबाजीच्या हातातला खिळा खाली पडला.

त्याची बायको कस्तुराबाई जयगडच्या बाजूची. तिचे वडील लोणावळ्यात बंगल्यावर कामाला होते, तेव्हा सोयरीक जमली. पुढे आईवडील गावी परतले, वडील वारले, आणि मध्ये सगळा घाट आणि सगळा समुद्र पसरून राहिला. दिवाळीनंतर गावडे गावाहून आला, तो निरोप घेऊन. “म्हातारीचे डोळे चाललेत. म्हणते, एकदा माझ्या कस्तुराचं तोंड दाखवा.”

तेव्हापासून कस्तुराबाई जात्यावर बसली की ओव्या गायची नाही. नुसते दळायची. मुक्या जात्याची ती घरघर अंबाजीला सहन होत नसे.

“हा पास माझ्या घरी द्या,” तो रज्जाकभाईंना म्हणाला. ते म्हणाले, “तुलाच रे बाबा. मला कुठं समुद्रात जायचंय?”

एरवी जाहिरात लिहिली की तो ती आधी कस्तुराबाईला वाचून दाखवायचा. तिला अक्षर येत नव्हते, पण कान तयार होता. “हितं अडखळतंय,” असे ती म्हणाली की तिथे खरेच अडखळत असायचे. या वेळी मात्र त्याने दाखवली नाही. पास एकदम तिच्या हातात ठेवायचा होता.

अंक बाहेर पडला त्याच दुपारी करमरकर छापखान्यात शिरला तो टोपी हातात घेऊनच.

“अहो, हे काय छापलंत? बोट लागते म्हणजे काय होतं, ठाऊक आहे?”

“धक्क्याला लागती,” अंबाजी म्हणाला.

“धक्क्याला लागत नाही हो! माणसाला लागते! डोकं गरगरतं, पोट ढवळतं, उलट्या होतात!”

रज्जाकभाईंनी चष्मा वर सरकवून अंक डोळ्यांजवळ नेला. “म्हणजे आपण छापलंय, की यांच्या बोटीत रोज उलट्या होतात. वेळेवर होतात.”

“भाडं उतरलं तरीही होतात!” करमरकर ओरडला. बोलल्यावर त्याचे त्यालाच हसू आले, पण ते त्याने गिळले. “मुंबईचे साहेब मला ठेवतील का आता? पास विसरा.”

तो गेला. यंत्रावर कागद नव्हता, तरी अंबाजी पायाखालचा पायटा हलवत राहिला.

संध्याकाळी तो घरी पोचला तर कस्तुराबाई उंबऱ्यात बसून डोळे पुसत होती. त्याचा जीव चरकला. जवळ जाऊन बघतो तर ती हसत होती. पाणवठ्यावर गावड्याच्या बायकोने तिला जाहिरात तोंडपाठ म्हणून दाखवली होती.

“अवं, बोट लागतेच म्हनं!” तिला पुढे बोलवेना. “पैल्यांदा हिकडं आले, तवा मुंबई येईस्तोवर बाबांच्या पागोट्यात वकले व्हते मी! मला का न्हाई वाचून दावली?”

अंबाजीने खाली बघत पासाची गोष्ट सांगितली. मिळणार होता, तेही. आता मिळणार नाही, तेही.

तिचे हसू हळूहळू मावळले. ती उठली, जात्यापाशी बसली, मूठभर तांदूळ टाकले आणि खुंटा धरला. घरघर सुरू झाली. आणि कितीतरी दिवसांनी त्या घरघरीत आवाज मिसळला.

*बोट लागती लागू दे, पोट ढवळू दे बाई*
*पल्याडच्या बंदरात, उभी हाये माझी आई*

अंबाजी भिंतीला टेकून ऐकत राहिला. तिने तीच ओवी पुन्हा म्हटली, आणि पुन्हा. पीठ पडत होते.

“कुटं अडखळतंय का?” तिने मान न वळवता विचारले.

“कुटंच न्हाई,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने ओवी रज्जाकभाईंसमोर ठेवली. ती दोनदा वाचून ते म्हणाले, “फुकट छापू. तिथं तशीही वेलबुट्टीच जाणार होती.”

पुढच्या अंकात मोठ्या खिळ्यांत आले, ‘आमची बोट लागते. कबूल!’ आणि खाली ओवी.

करमरकर पुन्हा आला, तेव्हा टोपी डोक्यावर होती. “अहो, काय केलंत हे? खंडाळ्यापासून तळेगावपर्यंत कोकणातली माणसं तिकिटं मागतायत. बायका नवऱ्यांच्या मागं लागल्यात. कोणी हसून मागतंय, कोणी रडून. साहेब म्हणतात, ही ओवी दर आठवड्याला हवी.” त्याने पास टेबलावर ठेवला. “ज्या बाईंची आहे, त्यांना द्या. आणि लिंबू सोबत घ्यायला सांगा.”

शिमग्याच्या आधी कस्तुराबाई गावडे मंडळींबरोबर निघाली. अंबाजी स्टेशनावर पोचवायला आला. गाडी फलाटाला लागलेलीच होती, पण तो शब्द कोणीच उच्चारला नाही. सगळे एकमेकांकडे बघून हसले तेवढे.

शिमगा सरल्यावर ती परतली. रंग काळवंडलेला, डोळे चमकते, गाठोड्यात कोकमे आणि सुकट. छापखान्यात भाकरी घेऊन आली तेव्हा अंबाजी पुढच्या अंकाचे खिळे लावत होता.

“बोट लागली का?” त्याने विचारले.

“लागली की! जाताना लागली, येताना लागली. येळेवर.” ती हसली. मग पाटावर टेकली. “आईचे डोळे दिवाळीआधीच गेलते. जिवाला घोर नको म्हनून मला कुनी सांगितलं न्हाई.”

अंबाजीचा हात थांबला. “मग ती तोंड दाखवा का म्हनत व्हती?”

“मीबी तेच इचारलं. म्हनाली, दाखवायचं तू, बघायचं कसं ते मी बघीन.” कस्तुराबाईने स्वतःच्या हनुवटीवर हात नेला. तिथे जुन्या खोकेचा वण होता, लहानपणी विळीवर पडल्याचा. “कपाळ चाचपलं. नाक चाचपलं. मग हितं बोट लागलं तिचं. आन् म्हनाली, आली गं माझी कस्तुरा.”

यंत्रापाशी उभे असलेले रज्जाकभाई उगाच चष्मा पुसू लागले.

“फकस्त येक चुकलं,” ती म्हणाली. “ओवीत ‘उभी’ म्हनलंय. आई उभी न्हवती. उभं ऱ्हावत न्हाई आता. वाळूत पाटी पालथी घालून बसली व्हती. सकाळपासनं.”

“बसली हाये माझी आई,” अंबाजीने पुटपुटून बघितले. बोटांवर मोजले. “येक अक्षर वाढतंय. अडखळंल.”

“अडखळू दे. पर खोटं नको.”

अंबाजीने ‘उभी’चे खिळे काढले आणि ‘बसली’चे उचलले. ओळीत जागा नव्हती. मग त्याने शब्दांमध्ये अंतर ठेवणारे शिशाचे पातळ तुकडे एकेक करून काढले, सगळे शब्द एकमेकांजवळ सरकवले आणि आईला बसायला जागा केली.