तीनबोट्याच्या मागावर गेलेली चाळणी

मित्रांनो, माझ्या अंगाला भोकेच भोके आहेत हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नावे ठेवायला तुम्हाला वेगळे कष्ट नकोत. मी बेकरीतली एक जुनी चाळणी आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडाची पट्टी वाकवून माझे गोल कडे केले आणि त्यावर पितळेच्या बारीक तारेची जाळी ताणून बसवली. जाळी ताणली की तो टिचकी मारून आवाज ऐकायचा. माझा आवाज ऐकून तो नुसता "हं" म्हणाला. त्याच्या तोंडून एवढे निघाले म्हणजे पुष्कळ झाले, असे माझ्या शेजारच्या चाळण्या म्हणत.

पुढे मी एका बेकरीत आले. बेकरीच्या मालकांना त्यांची मुलगी बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणते. रोज संध्याकाळी ते मला दोन्ही हातांत धरून मैदा चाळत. सुतळीचे धागे, बारीक खडे, एखादा आगाऊ किडा, सगळ्यांना मी वरच्या वर अडवत असे. "आमच्या पावात कधी दाताखाली खडा येणार नाही," असे बाबा गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत. ते माझेच कौतुक आहे असे मी धरून चाले. थोडा गर्व होताच मला, नाही कशाला म्हणू?

बाबा पहाटे अंधारातच सायकलवर पावांची टोपली बांधून पलीकडच्या खाणीच्या वस्तीवर जात. वाट झुडपी रानातून होती. त्या रानात तीनबोट्या नावाचा एक प्राणी राहतो, अशी फार जुनी गोष्ट होती. मांजराहून मोठा, कुत्र्याहून लहान आणि पायाला तीनच बोटे. पोरे जेवायला त्रास देऊ लागली की आया त्याचे नाव काढत. खरा कोणी पाहिला नव्हता.

बाबांनी पाहिला. एका पहाटे तो त्यांच्या सायकलसमोरून सावकाश वाट ओलांडून गेला आणि ओल्या मातीत पाय उमटवून गेला. बाबा बेकरीत आले ते हसत, धापा टाकत. त्यांनी भेटेल त्याला सांगितले आणि भेटेल तो हसला. महिन्याभरात बाबांचेच नाव तीनबोट्या पडले. "तीनबोट्याकडून पाव आण," असे लोक मुलांना सांगत. बाबाही आधी हसण्यावारी नेत. मग त्यांनी ती गोष्ट सांगणे सोडले आणि हळूहळू इतर गोष्टी सांगणेही सोडले.

वर्षे गेली. विजेवर हलणारी मोठी चाळणी आली आणि मी दाराआडच्या खिळ्याला लटकले. कोळ्याने माझ्या कड्यात संसार थाटला. माझी एक तार तुटली, तरी कोणाचे लक्ष गेले नाही. बाबा थकले, बेकरी मुलीने हातात घेतली. तिच्या हाताला बाबांचेच वळण होते, पण तिचे हात माझ्याकडे कधी आले नाहीत. फार वाईट वाटायचे, मित्रांनो.

एका संध्याकाळी गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी पुन्हा तीनबोट्याची थट्टा काढली. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "नसेलच काही. तेव्हा झोप पुरी व्हायची नाही. भास झाला असेल मला."

मुलीचा हात भट्टीच्या दारावर तसाच राहिला. लोकांनी तिच्या बापाला खोटे म्हटले ते तिने लहानपणापासून सोसले होते. पण बापाने स्वतःलाच खोटे म्हणावे, हे तिला सोसवेना. त्या रात्री तिने समोरच्या पंक्चरवाल्याला बोलावले. "भाऊ, मला तो प्राणी शोधायचाय. बाबा आहेत तोवर."

"शोधू की," पंक्चरवाला म्हणाला. "वाटेवर बारीक काहीतरी पसरायचं. रात्री जो जाईल त्याचा पाय उमटेल. सकाळी बघायचं."

बारीक पसरायचे म्हटल्यावर तिला माझी आठवण झाली. तिने मला खिळ्यावरून काढले, कोळ्याला बाहेरची वाट दाखवली आणि तुटलेली तार बारीक तारेने शिवली. कितीतरी वर्षांनी कोणाचे तरी हात मला लागले होते.

रविवारी बेकरी बंद असे, म्हणून आम्ही शनिवारी रात्री निघालो. आता बेकरीवालीला बारीक म्हणजे काय सुचणार? तिने उत्तम मैदा आणला आणि पाऊलवाटेवर माझ्यातून भुरभुरवला. काय देखणा पसरला होता! आम्ही खडकाआड दडून बसलो. पहाटे जाऊन पाहतो तो वाट चाटूनपुसून स्वच्छ. दुसऱ्या खेपेलाही तेच, आणि येताना दोन कुत्री शेपट्या हलवत आमच्या मागे.

"ताई," पंक्चरवाला म्हणाला, "आपण प्राणी शोधतोय का पंगत वाढतोय?"

मग ती भट्टीतली राख घेऊन आली. राख कोणी खात नाही. सगळ्यांच्या नशिबी शेवटी राखच असते म्हणतात, मला ती जिवंतपणीच आली. पण तिच्यात ठसा मात्र असा उठे की मैद्याने लाजावे. साळिंदराच्या पावलांमागे काट्यांच्या रेघा दिसत. सशाच्या उड्या, मुंगसाची धावपळ, कोल्ह्याची सरळ चाल, सगळे मी ओळखू लागले. एकदा तीन बोटे दिसली आणि पंक्चरवाला उडालाच, पण ती तितराची निघाली. रात्री रातवा पक्ष्याची टकटक चाले, वाळल्या पानांत कोणीतरी खसफसे, आणि मुलगी श्वास धरून बसे. तीनबोट्या काही आला नाही.

ती कुठे जाते हे बाबांनी कधी विचारले नाही. तिच्या कपड्यांना लागलेली राख त्यांना दिसत असावी. एका शनिवारी ते स्वतःच काठी घेऊन दारात उभे राहिले.

"आज मी येतो."

"बाबा, थंडी आहे."

"थंडी मला नवी आहे का?"

पंक्चरवाल्याने त्यांना पावांच्या हातगाडीवर बसवले आणि आम्ही रानात गेलो. बाबा घोंगडीत गुरफटून अंधाराकडे पाहत होते. उजाडायच्या आधी त्यांना डुलकी लागली. पंक्चरवालाही गाडीला टेकून घोरत होता. मुलगी उठली, मला हातात घेऊन वाटेवर गेली आणि तिने बॅटरी लावली. राख कोरी होती. एकही पाऊल नव्हते.

तिने मागे वळून झोपलेल्या बाबांकडे पाहिले. मग खाली बसली आणि तिने आपली तीन बोटे राखेत दाबली. एकदा, पुढे जाऊन पुन्हा एकदा. मला वाचा असती तर मी तिला थांबवले असते. आयुष्यभर मी खडे अडवले, हा खोटेपणाचा खडा मात्र मला अडवता आला नाही.

"बाबा, उठा. बघा काय आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चोरासारखा झाला होता.

बाबा काठी टेकत आले, वाकले आणि पाहत राहिले. मग म्हणाले, "हा तुझा हात आहे."

तिने राखेने भरलेली बोटे मुठीत लपवली.

"पीठ दाबायला मीच शिकवलं तुला. तुझा दाब अंगठ्याकडे झुकतो. अजून झुकतो."

तिला मान वर करता येईना. आता हे रागावणार, आणि त्याहून वाईट म्हणजे गप्प होणार, असे मलाही वाटले. पण बाबा खाली बसले आणि बोटाने त्यांनी त्या ठशावर रेघ ओढली.

"आणि हे असं नव्हतंच. मधलं बोट आखूड होतं. बाजूची दोन लांब, फाकलेली. मागे टाच अशी, वाटीसारखी गोल..." ते बोलता बोलता थांबले. "अगं, मला आठवतंय सगळं."

"बाबा, चुकलं माझं. तुम्ही स्वतःलाच खोटं म्हणायला लागलात, ते मला..."

"थांब जरा," बाबा म्हणाले. "भास झाला असता, तर तुझी चूक मला कळली असती का? मी पाहिला होता गं. नक्की पाहिला होता."

ती त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. पंक्चरवाला जागा झाला आणि डोळे चोळत विचारू लागला, "सापडला का?" दोघांनाही हसू आले.

बाबांनी हाताने ते खोटे ठसे मोडले आणि मला मागून घेतले. त्यांचे हात आता सतत कापतात. "चाळायला असेच हात बरे," ते म्हणाले. मला मुद्दाम हलवावेच लागले नाही, राख आपोआप सारखी पसरत गेली. त्या हातांत पुन्हा जाऊन मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही.

तीनबोट्या अजून सापडलेला नाही. पण बेकरीत कोणी थट्टा केली, तर बाबा फळीवर पीठ पसरून त्याचा पाय काढून दाखवतात, मधले बोट आखूड का असेल यावर तासभर बोलतात. गिऱ्हाइके पाव घ्यायचे विसरून ऐकत राहतात. शनिवारी रात्री आमच्याबरोबर चारदोन माणसे तरी असतातच. माझी जाळी आणखी दोनदा शिवून झाली आहे.

मित्रांनो, जन्मभर चाळायचेच काम केलेल्या या म्हातारीचे एवढे ऐका. पीठ चाळा, रवा चाळा, जुनी चाळणी तुटली तर टाकून न देता शिवून घ्या. पण घरातले एखादे माणूस न पटणारी गोष्ट सांगू लागले, तर चाळणी बाजूला ठेवा आणि शेवटपर्यंत ऐका. खडे नंतरही निवडता येतात. बोलायचे थांबलेल्या माणसाला पुन्हा बोलते करायला मात्र फार रात्री जागाव्या लागतात.