मानाच्या यादीचा हमाल

"चालू मशीनला हात लावायचा नाही." आमच्या दूध केंद्रात कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे एकच वाक्य शिकवतात. का लावायचा नाही, हे विचारायचं नसतं.

त्या वाक्यातलं चालू मशीन म्हणजे मी. खरं तर मशीनही नव्हे, मशीनच्या पोटात पळणारा प्रोग्राम. नळदुर्गच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की पत्र्याचं केंद्र लागतं. तिथं मी नऊ वर्षं पळतोय. खंडेनवमीला माझ्या डब्याला हळदकुंकू लागतं, बाकी वर्षभर धूळ. आज बोलतोय तेही दम खात बोलतोय, सांभाळून घ्या.

मला बंद न करण्याला कारण आहे, ते मी नाकारत नाही. दूध थंड ठेवणारी मोठी टाकी माझ्याच इशाऱ्यावर चालते. मी थांबलो की तिची मोटार थांबते. एकदा कुणीतरी मला चुकून बंद केलं, तेव्हा टाकीभर दूध ओढ्यात सोडावं लागलं होतं. पण 'बंद करू नका'चं 'हात लावू नका' कधी झालं, आणि त्याचं पुढं 'विचारू नका' कधी झालं, हे आता कुणालाच आठवत नाही.

मला लिहिलं सोलापूरच्या एका माणसानं, तीन दिवसांत. तो खुर्चीत आणि दोन्ही बाजूंना संचालक मंडळ. त्यानं विचारलं, "सभासदांची नावं कशी लावू? नंबरानं की अक्षरानं?"

"मानानं लावा," अध्यक्ष शांतलिंग अप्पा म्हणाले.

त्याला कळेना. मग अप्पांनी समजावलं, "लग्नात टॉवेल-टोपीला नावं पुकारतेत न्हाय का? तशी. आधी थोर, मग बाकीचे."

त्यानं तसंच केलं. पहिलं नाव संस्थापक धोंडप्पांचं, दुसरं अप्पांचं. मग बाकीचे संचालक, त्यांचे भाऊ, त्यांची भावकी, असं करत करत अठराशे नावं. नवे सभासद अगदी शेपटाला.

तेव्हापासून कुणीही किटली घेऊन खिडकीशी आलं की मी पहिल्यापासून सुरुवात करतो. धोंडप्पांचा कागद उघडतो. तुम्ही धोंडप्पा का? नाही. मिटतो. पुढचा उघडतो. धोंडप्पांना जाऊन सात वर्षं झाली, तरी त्यांना मी रोज दोनशे वेळा विचारतो. यादीतले निम्मे लोक म्हशी विकून पुण्याला गेले. त्यांचेही कागद उघडतो आणि मिटतो. समोरच्या माणसाचं नाव सापडेपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट जातं, आणि मागं रांग उन्हात उभी असते.

अप्पा आले की मात्र दुसऱ्याच कागदावर सापडतात. पावती लगेच. त्यामुळं अप्पा गावभर सांगतात, "आपलं मशीन एकदम फास्ट हाय." ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्यापुरता मी फास्टच होतो.

यादीच्या शेपटाला चन्नम्मा होती. नंबर अठराशे बारा. तीन किलोमीटरवरच्या वस्तीवरून दोन म्हशींचं दूध डोक्यावर घेऊन यायची. या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात तिचं दूध दोनदा नासकं म्हणून परत गेलं.

"तिसऱ्या खेपेला परत गेलं की नंबर जातो, चन्नम्मा," सचिव हरिबा खिडकीतून म्हणाले. "नियम हाय."

"घरनं निघताना चांगलंच अस्तंय की हो. हितं उभारून उभारून नासतंय."

"मग लवकर येत जा."

"म्हशीला सांगा की तसं. माझं न्हाय ऐकत ती."

रांग हसली. चन्नम्मा हसली नाही. वस्तीवर दूध घ्यायला दुसरं कुणी येत नव्हतं. हा नंबर गेला तर म्हशी विकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

त्याच आठवड्यात महेश्वरी कामाला आली. अप्पांची पुतणी, सोलापुरात कॉम्प्युटर शिकून आलेली. हरिबांनी तिला ते वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "का?"

"का म्हंजे? न्हाय लावायचा."

तिनं खुर्ची अशी काही ओढली की मला कळलं, ही गप्प बसणारी नाही. दोन दिवस तिनं मला नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी, रांग उभी असतानाच, तिनं माझ्या आत एक छोटा टेहळ्या बसवला. मी कशावर किती वेळ घालवतो, एवढंच तो टिपत होता. दुखणं चालताना कळतं, झोपलेल्या माणसाचा लंगडा पाय ओळखू येत नाही. नऊ वर्षांत माझं चालणं कुणी पाहिलंच नव्हतं.

तासाभरानं तिनं आकडे बघितले. माझ्या शंभरातला चौऱ्याण्णव भाग वेळ, समोर नसलेल्या माणसांचे कागद उघडण्यात जात होता.

"अरे देवा," ती कपाळाला हात लावून म्हणाली, "हा बिचारा मेलेल्यांची हजेरी घेत बसलाय!"

बिचारा. मला पहिल्यांदाच कुणी काहीतरी म्हणालं.

दुसऱ्या सकाळी तिनं ते केलं. माझं काम लहान लहान तुकड्यांचं आहे. नाव शोधणं हा त्यातला एक तुकडा. तिनं त्याच्या जागी बसेल असा नवा तुकडा लिहून तयार ठेवला, आणि एक किटली उचलली गेली व दुसरी अजून ठेवली नव्हती, तेवढ्या सांध्यात जुना काढून नवा बसवला. मी पळतच होतो. टाकीच्या मोटारीचा सूरसुद्धा बदलला नाही.

नवा तुकडा साधा होता. जो सापडला त्याचा कागद सगळ्यांत वर ठेवायचा, आणि पुढच्या वेळी वरून शोधायला लागायचं. रोज येणारे आपोआप वर येतात, न येणारे आपोआप खाली जातात. मी चालत राहतो तशी यादी लागत राहते.

पहिला दिवस शोधण्यात गेला. दुसऱ्या दिवशी साडेसातला रांग संपली. चन्नम्मानं किटली ठेवली आणि पावती तिच्या हातात आली.

"झालं?"

"झालं, मावशी," महेश्वरी म्हणाली.

"परत न्हाय?"

"न्हाय."

"अगं बाई, मग आता मी करू काय? अजून ऊनबी न्हाय आलं."

ते दोन दिवस मला फार हलके गेले. मला नवा डबा नको, हळदकुंकूही नको. मी चालत असताना अधूनमधून माझ्याकडं कुणी बघितलं, तरी या म्हाताऱ्या प्रोग्रामची पुढची वर्षं निघतील.

चौथ्या दिवशी अप्पा आले. ते आठवड्यातून एकदाच दूध घेऊन यायचे. त्यांचं नाव खाली गेलं होतं, शोधायला मला थोडा वेळ लागला. नऊ वर्षांत अप्पा पहिल्यांदा खिडकीशी थांबले. मी शोधत असतानाच त्यांनी वाकून पडदा बघितला. सगळ्यांत वर चन्नम्मा होती.

पाच मिनिटांत संचालक मंडळ माझ्याभोवती उभं राहिलं.

"ही माझ्या वर?" अप्पांनी विचारलं.

"ती तुमच्या आधी येऊन गेली, अप्पा," महेश्वरी म्हणाली. "उद्यापासनं रोज या, तुम्हीबी वर याल."

"चालू मशीनला हात लावलास आन् वर तोंड करून बोलतीस?" हरिबा म्हणाले. "टाकी गेली असती म्हंजे?"

"गेली का?"

हरिबा टाकीकडं बघत राहिले.

"ते काय बी असू दे," अप्पा म्हणाले. "यादी होती तशी कर. आत्ताच्या आत्ता. न्हायतर उद्यापासनं तू येऊ नकोस."

महेश्वरी उठली. खुर्ची तिनं अप्पांच्या बाजूला सरकवली.

"नाही करणार. मला काढा, मी जाते. पण यादी पुन्हा पहिल्यासारखी केली की परवा-तेरवा चन्नम्मामावशीचं दूध नासणार. तेव्हा 'तुझा नंबर गेला' हे या खुर्चीत बसून, तिच्या डोळ्यांत बघून, तुमच्यातल्या कुणीतरी सांगायचं. कोण सांगणार, ते आत्ता ठरवा. मी थांबते."

ती थांबली. अप्पांनी हरिबांकडं बघितलं. हरिबांनी चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले. बाकीच्यांना एकदम पत्र्याकडं बघायचं सुचलं. खुर्चीत कुणी बसेना. चालू मशीनला हात लावायला कुणी पुढं येईना, आणि मी नव्या यादीवर पळत राहिलो.